काट्याला सील, कॉम्प्युटर उघडा

कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या फाटकातून गाडी आत आली की आधी काट्यावर चढते. प्लॅटफॉर्मखालचे लोडसेल, म्हणजे वजन ओळखणारे सेन्सर, दाबले जातात, त्यांचा सिग्नल जंक्शन बॉक्समधून काटाघरातल्या इंडिकेटरपर्यंत येतो आणि लाल आकडा स्थिरावतो. या काट्याला वैधमापन शास्त्र विभागाचे सील असते. वर्षातून एकदा फेरतपासणी होते, प्रमाणित वजने ठेवून आकडा पाहिला जातो, शिक्का बसतो, प्रमाणपत्र भिंतीवर लागते. दहा-वीस किलोंचा फरक वाटला तरी शेतकरी तिथल्या तिथे हिशेब मागतो, आणि त्याने मागितलाच पाहिजे.

त्याच इंडिकेटरच्या मागून एक केबल निघून टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये जाते. तिथून पुढे सील नाही, तपासणी नाही. भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, निव्वळ कापूस, भाव, चुकाऱ्याची रक्कम हे सगळे एका डेटाबेसमध्ये ओळीओळीने साठत जाते. त्याच कॉम्प्युटरमध्ये टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर असते, जीएसटीचा पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह केलेला असतो, नेटबँकिंग तिथूनच चालते, आणि हंगामात विकायला आलेल्या शेकडो शेतकऱ्यांचे सातबारे, आधार कार्डे व पासबुकांचे फोटो एखाद्या फोल्डरमध्ये पडलेले असतात. वणी, पांढरकवडा, हिंगणघाट, अकोट, दर्यापूर कुठेही जा, चित्र थोड्याफार फरकाने हेच. गोंदिया-भंडाऱ्याच्या राइस मिलमध्ये कापसाच्या जागी धान येते, अकोल्याच्या दालमिलमध्ये तूर येते, एवढाच फरक.

काट्याची तपासणी होते तशी या कॉम्प्युटरचीही व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी नवा इन्स्पेक्टर नको. कारखान्याला सीसी लिमिट, म्हणजे साठ्याच्या तारणावर खेळते कर्ज, देणारी बँक, आगीचा विमा उतरवणारी कंपनी आणि तिथे खरेदी केंद्र चालवणारी संस्था या तिघांनी ती अट घालावी. गाव-तालुक्याच्या उद्योगात ज्यांचे म्हणणे निमूट ऐकले जाते, ते हे तिघेच.

यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: आमच्याकडे चोरण्यासारखे आहे काय? सरकीचा भाव चोरून कोणाला काय मिळणार? या प्रश्नात एक गैरसमज आहे. खंडणीखोर व्हायरसला, म्हणजे रॅन्समवेअरला, तुमची माहिती विकता आली नाही तरी चालते. ती तुम्हाला लागते, एवढे त्याला पुरते. तो फाइली कुलूपबंद करतो आणि किल्लीचे पैसे मागतो. कोणावर हल्ला करायचा हे बहुतेक वेळा कोणी माणूस बसून ठरवतही नाही. इंटरनेटवरचे उघडे पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये शिरायची दारे, शोधणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात. पांढरकवडा कुठे आहे हे त्यांना ठाऊक नसते. ३३८९ क्रमांकाचे, विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचे पोर्ट उघडे आहे आणि पासवर्ड सोपा आहे, एवढे त्यांना कळते.

शेतमालाच्या उद्योगात तर वेळ साधली जाते. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात न्यू कोऑपरेटिव्ह या शेतकऱ्यांच्या धान्य सहकारी संस्थेवर ब्लॅकमॅटर टोळीने हल्ला केला आणि ५९ लाख डॉलर मागितले. मका-सोयाबीनची कापणी सुरू होण्याचे ते दिवस होते. एप्रिल २०२२ मध्ये एफबीआयने इशारा दिला, की २०२१ च्या कापणीच्या हंगामात सहा धान्य सहकारी संस्थांवर आणि २०२२ च्या सुरुवातीला आणखी दोन संस्थांवर असे हल्ले झाले आहेत, आणि पेरणी-कापणीची वेळ मुद्दाम निवडली जात असावी. कारण उघड आहे. त्या दिवसांत मालकाला थांबणे परवडत नाही, म्हणून तो लवकर पैसे मोकळे करतो. आपल्याकडे जिनिंगचा खरा जोर दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत असतो. डिसेंबरच्या एखाद्या सोमवारी फाटकाबाहेर गाड्यांची रांग आहे आणि काट्याच्या कॉम्प्युटरवर इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी उघडली आहे, तर शनिवारपर्यंत कोणाचा किती कापूस आला आणि कोणाचे किती देणे आहे, हे कशावरून सांगणार?

राइस मिलमध्ये तर सरकारी देणे-घेणे अडकते. भरडाईसाठी उचललेल्या दर क्विंटल धानामागे ६७ किलो साधा (न उकडलेला) तांदूळ जमा करावा लागतो. कोणत्या डिलिव्हरी ऑर्डरवर किती धान उचलले, किती लॉट जमा झाले, किती बाकी, हा हिशेब हरवला तर मिलरची बँक गॅरंटी टांगणीला लागते. सरकारी गोदामात नोंदी असतातच, पण तिथल्या आणि इथल्या आकड्यांत फरक आला की आपली बाजू सिद्ध करायला आपल्याकडे काही उरत नाही.

आत शिरण्याच्या वाटा गूढ नाहीत, आणि त्या बंद करायला फारसा खर्चही नाही. सगळ्यात रुळलेली वाट म्हणजे दुरून मदत करणाऱ्यासाठी कायम उघडे ठेवलेले दार. काट्याचे सॉफ्टवेअर देणारा नागपूरला किंवा अकोल्याला बसतो, टॅलीवाला अमरावतीला. प्रत्येक वेळी येणे परवडत नाही म्हणून एनीडेस्क हे दुरून कॉम्प्युटर चालवायचे सॉफ्टवेअर टाकलेले असते. त्यात 'कोणी समोर नसतानाही प्रवेश' ही सोय चालू करून कायमचा पासवर्ड ठेवला जातो. तोच पासवर्ड त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे असतो, आणि अनेक काटाघरांत तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवरही दिसतो. त्या एका माणसाचा लॅपटॉप फुटला की वीस कारखाने एकदम उघडे पडतात. उपाय सेटिंगमध्येच आहे. कायमचा पासवर्ड काढायचा, आणि दर वेळी समोर बसलेल्या माणसाने 'स्वीकारा' दाबल्याशिवाय जोडणी होऊ द्यायची नाही. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप इंटरनेटवर उघडा ठेवण्यासाठी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केला असेल तर तो त्याच दिवशी बंद करावा. घरून टॅली पाहण्याची मालकाची सोय करायला अनेक ठिकाणी हेच केलेले असते.

दुसरी वाट जुन्या विंडोजची. विंडोज ७ ला सुरक्षा अपडेट मिळणे १४ जानेवारी २०२० ला थांबले, विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. काट्याचे जुने सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही म्हणून काटाघरात विंडोज ७ अजून तग धरून आहे. ही अडचण खरी आहे. तो कॉम्प्युटर लगेच बदलता येत नसेल तर त्याचे इंटरनेट तोडा. वजन घ्यायला आणि पावती छापायला इंटरनेट लागत नाही. मेल, व्हॉट्सअ‍ॅप, नेटबँकिंग वेगळ्या कॉम्प्युटरवर करा. अपडेटचे महत्त्व मे २०१७ च्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरच्या हल्ल्याने दाखवले. ज्या भगदाडातून तो पसरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. दोन महिन्यांत ज्यांनी ते टाकले नाही, त्यांची यंत्रे जगभर बंद पडली. चोरीचे विंडोज वापरणाऱ्याची अडचण दुहेरी असते. त्याचे अपडेट मुद्दाम बंद केलेले असते, आणि ते 'अ‍ॅक्टिव्हेट' करणाऱ्या क्रॅकमध्येच अनेकदा व्हायरस दडलेला असतो.

तिसरी वाट माणसाच्या बोटातून जाते. 'इन्व्हॉइस' नावाची फाइल मेलने येते, चिन्ह पीडीएफचे असते आणि शेवट असतो डॉट ईएक्सई. विंडोज नेहमीच्या मांडणीत फाइलच्या नावाचा हा शेवट लपवते, म्हणून ऑपरेटरला तो दिसतच नाही. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण केली की दिसू लागतो. ऑपरेटरचे रोजचे खाते अ‍ॅडमिन नसावे, साधे असावे. हे काम दहा मिनिटांचे आहे. चुकून काही उघडले तरी सॉफ्टवेअर टाकायच्या वेळी पासवर्ड मागितला जातो आणि बरेचसे विष तिथेच अडते.

बॅकअपबद्दल जरा थांबून बोलायला हवे, कारण वरचे सगळे करूनही हल्ला होऊ शकतो, आणि झाल्यावर कारखाना उभा राहतो तो बॅकअपवरच. 'बॅकअप आहे' असे सगळे सांगतात. कुठे आहे म्हणून विचारले की डी ड्राइव्ह दाखवतात. डी ड्राइव्ह हा बहुधा त्याच हार्डडिस्कचा दुसरा भाग असतो. डिस्क गेली की दोन्ही जातात, व्हायरस आला की दोन्ही कुलूपबंद होतात. काहींनी बाहेरची हार्डडिस्क घेतलेली असते, पण ती वर्षभर यूएसबीला लावूनच ठेवलेली असते. खंडणीखोर व्हायरस जोडलेली प्रत्येक डिस्क शोधतो आणि ज्यावर बॅकअप दिसतो तिच्यावर आधी तुटून पडतो. काही जण गुगल ड्राइव्हच्या भरवशावर असतात. ड्राइव्ह सिंक करते, म्हणजे इथली फाइल बिघडली की तीच बिघडलेली फाइल वर चढते. जुनी आवृत्ती काही दिवस परत मिळवता येते, पण हजारो फाइली एकेक करून मागे नेणे हंगामात होत नाही.

विदर्भात यात आणखी दोन गोष्टींची भर पडते, ऊन आणि रुई. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. जिनिंगच्या ऑफिसात हवेतला रुईचा तंतू कॉम्प्युटरच्या पंख्यावर आणि हीटसिंकवर नमद्यासारखा बसतो. हवा थांबते, डिस्क तापते आणि कोणी हल्ला न करताही मरते. त्यात लाइट जाते तेव्हा टॅली लिहिण्याच्या अर्ध्यात असेल तर फाइल खराब होते. म्हणून यूपीएस हवाच, आणि हंगामात दर पंधरवड्याला, कॉम्प्युटर बंद करून, ब्लोअरने तो झाडायला हवा. पंखा बोटाने धरून हवा मारावी, मोकळा भिरभिरू दिला तर त्याचा बेअरिंग जातो.

बॅकअपची रीत अशी ठेवावी. दोन बाहेरच्या डिस्क घ्या, त्यांवर मार्करने 'एक' आणि 'दोन' लिहा. सोमवार, बुधवार, शुक्रवारी एक. मंगळवार, गुरुवार, शनिवारी दोन. संध्याकाळी काटा बंद झाल्यावर टॅलीचा आणि काट्याच्या डेटाबेसचा बॅकअप घ्यायचा, डिस्क काढायची आणि ती मालकाच्या घरी जायची. काट्याचा डेटाबेस चालू सॉफ्टवेअर असताना नुसता कॉपी करू नये, अर्धवट येतो. सॉफ्टवेअरमधूनच बॅकअप घ्यावा किंवा ते पूर्ण बंद करून कॉपी करावी. महिन्यातून एकदा दुसऱ्याच कॉम्प्युटरवर तो बॅकअप उघडायचा, शेवटच्या पावतीचा नंबर आणि गाठींचा शिल्लक साठा कागदाशी ताडायचा आणि तारीख टाकून सही करायची. ही शेवटची पायरी जवळजवळ सगळीकडे गाळली जाते. न उघडलेला बॅकअप ऐनवेळी रिकामा निघतो, कारण मधल्या काळात सॉफ्टवेअर बदललेले असते, फोल्डर हललेला असतो किंवा डिस्क भरलेली असते. शिवाय हंगामात रोजच्या काट्याची यादी छापून फाइलला लावावी. कागदाला व्हायरस लागत नाही.

आता शेतकऱ्याच्या कागदांकडे. इथे कारखानदारावर सरसकट दोष टाकणे अन्यायाचे होईल. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा जीएसटी उलट आकारणीने जिनरने स्वतः भरायचा असतो. मर्यादेपेक्षा जास्त रोख दिली तर विकणारा खरोखर कास्तकार होता, हे आयकरात दाखवावे लागते. म्हणून सातबारा घेण्यामागे कारण आहे, आणि चुकारा खात्यावर टाकायचा तर खाते क्रमांक लागतोच. पण पूर्ण आधार क्रमांक कशाला? आधारचा झाकलेला नमुना मिळतो, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. खाजगी खरेदीत ओळखीसाठी तेवढा पुरे. कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या खरेदीत २०२५-२६ च्या हंगामापासून शेतकऱ्याची नोंदणी कपास किसान अ‍ॅपवर होते आणि पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात जातात. तिथे जागा, काटा आणि यंत्रे जिनिंगची असली तरी त्या शेतकऱ्याच्या आधारची वेगळी प्रत जिनिंगने स्वतःकडे ठेवण्याचे काहीच कारण उरत नाही.

प्रत्यक्षात काय होते? कागद व्हॉट्सअ‍ॅपवर मागवले जातात. 'आधार, पासबुक, सातबारा टाका' असा निरोप जातो. शेतकरी फोटो टाकतो तो ऑपरेटरच्या स्वतःच्या मोबाईलवर, किंवा त्याहून वाईट, दीडशे जणांच्या ग्रुपवर. ऑपरेटर हंगामापुरता असतो. मार्चमध्ये तो काम सोडतो आणि शेकडो कुटुंबांची ओळख त्याच्या फोनमध्ये निघून जाते. तो माणूस प्रामाणिक असेलही, पण त्याचा फोन पुढे विकला जातो, दुरुस्तीला जातो, हरवतो.

या कागदांचे काय होऊ शकते, हे नीट समजून घ्यावे. आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या सोयीत, म्हणजे एईपीएसमध्ये, आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढेच लागते. ओटीपी लागत नाही. खरेदीखतांवरच्या ठशांवरून नकली बोटे बनवून पैसे काढल्याची प्रकरणे देशात उघडकीला आली आहेत. आधार क्रमांक आणि बँक ही दोन्ही त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोत असतात. शेतकऱ्याने आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून किंवा आधारच्या संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करून ठेवावे, लागेल तेव्हा थोड्या वेळासाठी उघडता येते. दुसरा धोका फोनवरचा. 'काका, तुमचा १४ क्विंटलचा चुकारा अडकला आहे, पावती नंबर अमुक, ही फाइल उघडून आधार अपडेट करा.' नाव, वजन, पावती नंबर सगळे बरोबर असले की सावध माणूसही फसतो. ती फाइल एपीके, म्हणजे मोबाईलवर परस्पर बसणारे सॉफ्टवेअर, असते, टाकल्याबरोबर फोनवर येणारे ओटीपी परस्पर पलीकडे जातात. इतकी नेमकी माहिती फोन करणाऱ्याकडे आली, तर तिचा उगम काटाघरात शोधावा लागेल. हे नुकसान कारखान्याच्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही, ते वडकी किंवा मारेगावच्या एखाद्या घरात होते. मला या सगळ्या प्रश्नात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. धोका एकाने पत्करायचा आणि भोगायचे दुसऱ्याने.

कायद्यानेही आता ही जबाबदारी कागद घेणाऱ्यावर टाकली आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. माहिती सांभाळण्याची वाजवी व्यवस्था ठेवली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. एखाद्या जिनिंगला एवढा दंड होईल असे कोणी म्हणत नाही, पण कर्तव्य तेच आहे: माहिती फुटली तर डेटा संरक्षण मंडळाला आणि ज्याची माहिती होती त्या माणसाला कळवणे, आणि काम संपल्यावर ती पुसणे. फाइलमधल्या झेरॉक्सला हा कायदा लागू होत नाही, ती स्कॅन केली किंवा फोटो काढला की होतो. जीएसटीचे दप्तर वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागते. तेवढे कागद कुलूपबंद, पासवर्ड असलेल्या एका फोल्डरमध्ये ठेवा, ते पाहण्याचा अधिकार दोनच माणसांना द्या, मुदत संपली की पुसा. ऑपरेटरला हंगामापुरता कारखान्याचा फोन द्या आणि मार्चमध्ये परत घ्या.

यंत्रांचा धोका सध्या कमी वाटतो, पण तो झपाट्याने वाढणार आहे. गाठी बांधणारी प्रेस, दाणे निवडणारे सॉर्टेक्स, बॉयलर आता पीएलसीवर, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर, चालतात, आणि यंत्र देणारा सिम कार्डवाला मॉडेम लावून जातो, म्हणजे त्याला कोइंबतूरहून किंवा परदेशातून सेटिंग बदलता यावे. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या अलिक्विपा गावच्या पाणीपुरवठ्याचा युनिट्रॉनिक्स कंपनीचा कंट्रोलर हल्लेखोरांनी ताब्यात घेतला. अशी यंत्रे इंटरनेटवर उघडी होती आणि त्यांचा कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड ११११ होता. त्या मॉडेमसाठी वेगळे बटण बसवा. यंत्रवाल्याचा फोन आला की चालू, काम झाले की बंद, आणि दोन्ही वेळा वहीत. एवढ्यावर बहुतेक धोका टळतो. यंत्र बसवतानाच पीएलसीच्या प्रोग्रामची प्रत आणि पासवर्ड लेखी मागून घ्या. न दिल्यास शेवटचा हप्ता रोखा. हेक्झेनने सोयाबीनचे तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये तर हेक्झेनची वाफ हवेत १.१ ते १.२ टक्क्यांच्या आसपास झाली तरी स्फोट होऊ शकतो. तिथे तापमान-दाबाचा शेवटचा बंदोबस्त सॉफ्टवेअरवर सोडू नये, वायरने थेट जोडलेला इंटरलॉक आणि यांत्रिक सेफ्टी व्हॉल्व्ह असलाच पाहिजे. सुरक्षा कंट्रोलरची किल्ली 'रन'वरच ठेवून काढून घ्यावी. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात ती 'प्रोग्राम'वर राहिली होती, म्हणून ट्रायटन नावाच्या घातक सॉफ्टवेअरला सुरक्षा यंत्रणेतच शिरता आले.

सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारा डीव्हीआर काट्याच्या आणि टॅलीच्या नेटवर्कवर ठेवू नये, वेगळ्या राउटरवर लावावा. २०१६ च्या मिराई हल्ल्यात मूळ पासवर्ड न बदललेले असे लाखो कॅमेरे व डीव्हीआर वापरले गेले होते.

पैशांच्या व्यवहारात एकच नियम पुरतो. गाठींचा सौदा फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर होतो, पैसे आरटीजीएसने जातात. 'आमचे खाते बदलले आहे' असा मेल किंवा निरोप आला, मग तो जुन्या पार्टीच्याच नंबरवरून का येईना, तरी आधीपासून वहीत असलेल्या नंबरवर फोन लावून माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. निरोपात दिलेल्या नंबरवर फोन करू नये, तो त्याच चोराचा असतो.

आणि घडलेच तर? पहिल्यांदा नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा, बाकीचे कॉम्प्युटर वेगळे करा. फाइली समोरच बदलत असतील आणि जोडणी तुटत नसेल तर कॉम्प्युटर बंद करा, नाहीतर चालू ठेवा, कारण मेमरीत तपासाला उपयोगी काही सापडू शकते. चिठ्ठीचा फोटो घ्या. फॉरमॅट मारायची घाई करू नका. कुलूपबंद फाइलींची एक प्रत बाजूला ठेवा, कारण युरोपोल आणि डच पोलिसांच्या 'नो मोअर रॅन्सम' या प्रकल्पातून काही व्हायरसच्या किल्ल्या फुकट मिळतात, कधी कधी काही महिन्यांनी. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवणे बंधनकारक आहे. हा नियम मोठ्या कंपन्यांसाठीच आहे असे समजू नका. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांना त्यात २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदतवाढ दिली होती, म्हणजे ते त्यात येतातच. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधी ती गोठवता येते, म्हणून संध्याकाळी बघू म्हटले की पैसे गेले. खंडणी देऊ नये, हेच माझे म्हणणे आहे. पैसे दिल्यावर किल्ली मिळेलच याचा भरवसा नाही, आणि चोरून नेलेली माहिती परत मागून पुसली जात नाही.

हे सगळे इतके साधे असेल तर होत का नाही? कारण विचारणारा कोणी नाही. सीसी लिमिट देणारी बँक दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट मागते. तिचा माणूस येऊन गाठी मोजतो. विमा कंपनी हायड्रंट चालतो का, वाळूच्या बादल्या भरल्या आहेत का पाहते, कारण रुईला ठिणगी पुरते. पण ज्या नोंदींच्या आधारावर तो साठा कोणाचा, किती रकमेचा हे ठरते, त्या नोंदी उद्या उरतील का, हे यांतला एकही जण विचारत नाही. बँकेचे तारण कागदावर आहे आणि तो कागद एका तापलेल्या डिस्कवर आहे.

बँकांना हा धोका परका नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटींहून अधिक रक्कम सायबर हल्ल्यात गेली. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या तंत्रसेवा देणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा सुमारे ३०० लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांना पेमेंटच्या जाळ्यापासून काही काळ तोडावे लागले. एका पुरवठादारामागे शेकडो जण कसे अडकतात, हे त्यांनी स्वतः भोगले आहे. मग स्टॉक तपासायला येणाऱ्याने त्याच फेरीत अर्धा तास काटाघरात बसावे. बॅकअप शेवटचा कधी उघडून पाहिला, त्या सहीचा कागद मागावा. कॉम्प्युटरवर कोणते विंडोज आहे ते बघावे. दुरून कोण कोण आत येऊ शकते, त्याची यादी घ्यावी. शेतकऱ्यांचे कागद कुठे ठेवले आहेत, कोणाला दिसतात, मागच्या हंगामातल्या ऑपरेटरचा पासवर्ड बंद केला का, हे विचारावे. खाते बदलताना फोन केल्याची नोंदवही पाहावी. कागद नसेल तर दंड नको, तीन महिन्यांची मुदत द्यावी आणि पुढच्या नूतनीकरणात तो मुद्दा धरावा. विमा कंपनीने हेच प्रश्न प्रपोजल फॉर्ममध्ये घालावेत, आणि ज्यांच्याकडे उत्तरे आहेत त्यांना हप्त्यात सवलत द्यावी.

लहान कारखानदाराला हा आणखी एक भार वाटेल, आणि त्याचे ऐकले पाहिजे. आधीच प्रदूषण मंडळ, कारखाना परवाना, बाजार समिती, अग्निशमन यांची प्रमाणपत्रे गोळा करता करता त्याचा जीव जातो. म्हणूनच नवे प्रमाणपत्र नको, नवी फी नको, आधीच येणाऱ्या माणसाने विचारायचे चार प्रश्न हवेत. खर्चाचा हिशेब मांडला तर दोन डिस्क, एक जादा राउटर, एक यूपीएस आणि एक साधा फोन. प्रेसच्या हायड्रॉलिक सीलच्या एका दुरुस्तीशी ताडून पाहावा.

खरेदी करणाऱ्या संस्थांची जबाबदारी याहून मोठी आहे, कारण कागद मागण्याची सुरुवात त्यांच्याकडून होते. सीसीआय, मार्केटिंग फेडरेशन, गडचिरोलीत धान घेणारे आदिवासी विकास महामंडळ यांनी केंद्राशी होणाऱ्या करारातच लिहावे, की शेतकऱ्याची कागदपत्रे व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायची नाहीत, नोंदणी क्रमांकावरून काम भागत असेल तर आधारची प्रत घ्यायची नाही, आणि हंगाम संपल्यावर केंद्रावरची यादी पुसल्याचा दाखला द्यायचा. राज्यात शेतकऱ्याला डिजिटल शेतकरी-नोंदणीचा, म्हणजे अ‍ॅग्रिस्टॅकचा ओळख क्रमांक देण्याचे काम सुरू आहे. तो दिल्यावरही जागोजागी आधारची झेरॉक्स मागत राहिलो, तर तो क्रमांक देण्याचा एक मोठा फायदा आपणच घालवतो.

२०२६-२७ च्या हंगामाचे करार दसऱ्याच्या आसपास होतील. त्या हंगामात गोळा झालेले फोटो आणि याद्या मे २०२७ मध्ये, नवा कायदा लागू होईल तेव्हा, कारखान्यांच्या कॉम्प्युटरमध्ये पडलेल्या असतील, आणि त्यांची जबाबदारी त्या दिवसापासून कारखान्याची असेल. करारात ही तीन वाक्ये घालायला संस्थांना पुरेसा वेळ आहे. बँकांना तर पुढच्या महिन्याच्या स्टॉक तपासणीपासूनच सुरुवात करता येईल.